न सुटलेला उजवा ठोसा

(क्रीडा व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘क्लिच्को विरुद्ध फ्युरी : रटाळ लढत की डावपेचांचा कळस?’ विषय मी सुचवला, प्रश्नचिन्ह संयोजकांनी घातलं. माझ्या मनात प्रश्नचिन्ह नाही. 28 नोव्हेंबर 2015 ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये झालेली ही लढत मी हेवीवेट बॉक्सिंगमधल्या अत्यंत हुशारीने जिंकलेल्या लढतींत धरतो. आणि ती संपली त्या क्षणापासून आजपर्यंत तिला एकच विशेषण चिकटलंय, कंटाळवाणी. त्या विशेषणावर माझा राग आहे. तो आज तुमच्यासमोर मोकळा करायचा आणि मग पडद्यावर एकेक फेरी थांबवत तुम्हाला दाखवायची, असा बेत आहे. तासभर वेळ दिलाय, तेवढा पुरावा.

पुढच्या दोन रांगांत तालमीतली वडीलधारी मंडळी दिसताहेत, मागे बॉक्सिंगची मुलंमुली आहेत. तेव्हा जॅब म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, इथपासून सुरुवात करत नाही. नुसता पट मांडतो. व्लादिमीर क्लिच्को, युक्रेनचा, पण लढती बहुतेक जर्मनीतच खेळणारा, वय 39, 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता, क्रीडाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला माणूस. एप्रिल 2004 नंतर एकही लढत हरलेला नाही. 2006 पासून जगज्जेता. समोर टायसन फ्युरी, इंग्लंडच्या मँचेस्टरचा, वय 27, चोवीस लढतींत चोवीस विजय, पण त्यात जग हादरावं असं नाव एकही नाही. मैदान फुटबॉलचं, पन्नास हजारांच्या वर माणूस. आपल्याकडे रविवारची पहाट होती. आणि बारा फेऱ्यांनंतर निकाल लागला, फ्युरी गुणांवर विजयी, तिन्ही जजांच्या मते.

दुसऱ्या दिवशी जे छापून आलं, बोललं गेलं, त्यात फ्युरी जिंकला याच्यापेक्षा ‘पण काय ही लढत!’ हेच जास्त. मी त्या आठवड्यात एका वर्तमानपत्राला लेख दिला होता. नाव सांगत नाही, गरज नाही. लेखात मी क्लिच्कोचा डावा हात आणि फ्युरीची पावलं यांवरच लिहिलं होतं. छापून आला तेव्हा मधले सगळे परिच्छेद गायब, आणि वर मथळा, ‘हेवीवेटची हलकी लढत’. शाब्दिक कोटी साधली, लेख गेला. मी फोन केला तर पलीकडून उत्तर, “सर, वाचकांनी लढत बघितलीये, त्यांना झोप आली. तुम्ही त्यांना सांगणार की ती भारी होती?” होय, तेच सांगणार होतो! वाचकाला जे दिसलं नाही ते दाखवायला लेख लिहायचा असतो. जे दिसलं ते त्याला दिसलेलंच आहे. तो लेख मी आज तोंडी देतोय असं समजा.

या तक्रारीचं मूळ आपल्या सगळ्यांच्या सवयीत आहे. आपल्याकडे मैदानी कुस्तीत पाठ लागली की निकाल. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या माणसाला निकाली कुस्ती हवी असते. गुणांवर सुटलेल्या कुस्तीला तो मनातून कुस्ती मानत नाही, आणि बरोबरीत सोडवली की शिट्ट्या सुरू. मला त्या माणसाविषयी प्रेम आहे, मी त्याच्यातच वाढलो. पण तोच माणूस तालमीत बसला की वेगळा असतो. तिथे तो म्हणतो, “बघ, त्यानं पट काढूच दिला नाही.” पट काढू न देणं ही त्याच्या लेखी विद्या असते. मैदानात गेल्यावर तीच विद्या त्याला नकोशी होते. हेवीवेट बॉक्सिंगचा प्रेक्षक याच पठडीतला. शंभर-सव्वाशे किलोची दोन माणसं म्हटल्यावर एक आडवा झालाच पाहिजे, हा त्याचा तिकिटामागचा हिशेब.

क्रिकेटमध्ये आपण एवढे निष्ठुर नाही. जानेवारी 1964, मद्रास कसोटी, बापू नाडकर्णी : 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, शून्य बळी. त्यात सलग 21 निर्धाव षटकं. एकही गडी बाद नाही, तरी साठ वर्षं आपण तो आकडा अभिमानाने सांगतो. त्या 21 षटकांत चेंडू कुठे पडत होता हे आपल्याला कळतं म्हणून. बॉक्सिंगमध्ये आपल्याला तो टप्पा दिसत नाही एवढीच अडचण आहे, आणि तो दिसायला लागतो, शिकवता येतो.

आता लढतीआधीचा तमाशा. यात थोडा रमणार आहे, कारण लोक याला तमाशा म्हणून सोडून देतात आणि मला त्यात लढतीची निम्मी किल्ली दिसते.

सप्टेंबरमध्ये लंडनला पत्रकार परिषद. क्लिच्को सूटबूट घालून शांत बसलाय. फ्युरी येतो तो बॅटमॅनच्या पोशाखात. मागोमाग जोकरच्या वेशात दुसरा एक माणूस. बॅटमॅन टेबलावरून उडी मारून जोकरला धरतो, दोघं जमिनीवर लोळतात, बॅटमॅन जिंकतो आणि मग येऊन आपल्या जागी बसतो. सव्वासहा फूट नव्हे, पावणेसात फूट उंचीचा बॅटमॅन! (हशा) क्लिच्कोच्या चेहऱ्याकडे बघा कधीतरी. त्याला हसावं की उठून जावं हे कळत नाहीये. अकरा वर्षं हा माणूस प्रत्येक लढतीला एका ठरीव शिस्तीत आला. सराव शिबिर ठरलेलं, आहार ठरलेला, बोलणं ठरलेलं. फ्युरीने त्याच्या घड्याळात वाळू टाकायला तिथूनच सुरुवात केली. त्या काळात फ्युरी जे बरळला त्यातलं काही अत्यंत आक्षेपार्ह होतं, माणसांना दुखावणारं होतं, आणि त्याचं समर्थन मी या व्यासपीठावरून करणार नाही. पण बॅटमॅन हा डाव होता.

त्याआधीची एक गोष्ट फ्युरी स्वतः सांगतो. तो पोरसवदा असताना ऑस्ट्रियात क्लिच्कोच्या शिबिरात गेला होता. तिथे वाफेच्या खोलीत बरेच जण बसले होते. एकेक करून सगळे उठून गेले, शेवटी हे दोघं राहिले. फ्युरीने ठरवलं, हा उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. आणि क्लिच्को उठला. फ्युरी म्हणतो, तेव्हाच मला कळलं की याला मी हरवणार. क्लिच्कोला ती खोली आठवतही नसेल. पण फ्युरी क्लिच्कोला वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरत होता. क्लिच्को मात्र, दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आव्हानवीरांच्या रांगेतला आणखी एक, एवढंच त्याच्याकडे बघत होता.

लढत 24 ऑक्टोबरला व्हायची होती, क्लिच्कोची पोटरी दुखावली म्हणून महिनाभर पुढे गेली. आणि आता मुद्द्याची गोष्ट, रिंगची जमीन. लढतीआधी फ्युरीचे लोक रिंग बघायला गेले. त्याचा प्रशिक्षक म्हणजे त्याचा काका, पीटर फ्युरी. हे लोक रिंगमध्ये चढले आणि पाय रुतायला लागले. कॅनव्हासखाली फोमचा थर जरुरीपेक्षा जाड होता. त्यांनी सरळ सांगितलं, हा थर निघाला नाही तर लढत नाही. शेवटी थर काढला गेला. ग्लोव्ह्जवरूनही वाद झाला. मग लढतीच्या रात्री तिसरं प्रकरण. हाताला पट्ट्या बांधताना समोरच्या गोटातला एक माणूस हजर असावा लागतो, पट्टीत भलतंसलतं काही जाऊ नये म्हणून. क्लिच्कोच्या पट्ट्या फ्युरीचा माणूस नसताना बांधून झाल्या होत्या. त्यांनी हरकत घेतली. पट्ट्या कापून काढल्या, परत बांधल्या. जगज्जेत्याला लढतीच्या तोंडावर, त्याच्याच गावच्या म्हणाव्या अशा प्रेक्षकांसमोर जायच्या आधी, हात पुन्हा पुढे करून बसावं लागलं.

वर्तमानपत्रांनी हे सगळं ‘नाटकं’ या सदरात टाकलं. मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुम्ही मला सांगा, जो बॉक्सर जमिनीत पाय रोवून जोरकस ठोसे मारायला येतो त्याला जमीन मऊ की कडक याने किती फरक पडतो? थोडाफार. आणि जो छत्तीस मिनिटं पायावर फिरायला येतो त्याला? मऊ जमिनीवर सहाव्या फेरीत पोटऱ्या भरतात आणि आठव्यात माणूस उभा राहतो. त्यांनी फोमवर लढत मोडायची तयारी दाखवली, तिथेच त्यांचा बेत उघडा पडला होता. हा माणूस क्लिच्कोला पळवणार होता. पन्नास हजारांत ते ज्याच्या लक्षात आलं त्याने ती लढत वेगळ्या डोळ्यांनी बघितली असेल.

हे असं आधीही झालंय, आणि तेव्हाही लोकांनी हुर्योच उडवली. 1892 साली न्यू ऑर्लिन्समध्ये जॉन सुलिव्हन विरुद्ध जिम कॉर्बेट. सुलिव्हन म्हणजे अमेरिकेचं दैवत, समोर येईल त्याला झोपवणारा. कॉर्बेट बँकेतला कारकून, केस नीट विंचरलेला. ग्लोव्ह्ज घालून, नव्या नियमांनी खेळल्या गेलेल्या हेवीवेट अजिंक्यपदाच्या पहिल्या लढतींतली ही. सुरुवातीच्या फेऱ्यांत कॉर्बेट नुसता सरकत राहिला. सुलिव्हनचे ठोसे हवेत. लोकांनी ‘लढ की!’ म्हणून गलका केला. एकविसाव्या फेरीत सुलिव्हन खाली पडला आणि उठला नाही. आता सगळी पुस्तकं कॉर्बेटला आधुनिक बॉक्सिंगचा जनक म्हणतात. सुलिव्हन एकविसाव्या फेरीत पडला नसता, बारा फेऱ्यांवर लढत थांबली असती, तर? कॉर्बेट गुणांवर जिंकला असता आणि त्या लढतीलाही रटाळच म्हटलं असतं.

बरं, क्लिच्को असा का लढत होता तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं लागणार नाही. लोकांना वाटतं तो मुळातच थंड. मुळीच नाही. तरुणपणी तो धडाधड मारायचा. मार्च 2003 मध्ये हॅनोव्हरला कॉरी सँडर्स नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या डावखुऱ्या बॉक्सरने त्याला दोन फेऱ्यांत चार वेळा खाली पाडलं. वर्षभराने लॅमन ब्रूस्टरसमोर तो दमून कोसळला. जगाने सांगितलं, हा संपला, याची हनुवटी काचेची आहे, म्हणजे याला ठोसा सोसत नाही. तेव्हा एमॅन्युएल स्ट्यूअर्ड या डेट्रॉइटच्या थोर गुरूने त्याला नव्याने उभा केला. तीन गोष्टी दिल्या. डावा हात सतत पुढे ताणलेला, समोरच्याच्या ग्लोव्हवर टेकवलेला, त्याला दाबत, त्याची नजर झाकत. अंतर बरोबर जमलं की मागून उजवा, सरळ, क्षणात. आणि कोणी आत शिरलाच तर वरून मिठी मारून अंगाचा सगळा भार त्याच्या मानेवर. अंधाऱ्या जिन्यात माणूस भिंतीला हात लावून चढतो तसा क्लिच्को त्या डाव्या हाताने समोरच्या माणसाला चाचपत लढायचा. भिंत हाताला लागली की तो निर्धास्त. स्ट्यूअर्ड ऑक्टोबर 2012 मध्ये गेले, कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून त्यांचाच शिष्य जोनाथन बँक्स आला, पद्धत तीच राहिली. या पद्धतीने त्याने किताब 18 वेळा राखला. आणि गंमत बघा, या दहा वर्षांत कंटाळवाणा कंटाळवाणा म्हणून जगाने ज्याला हिणवलं तो क्लिच्कोच होता.

इथे मी एक कबुली नाही, एक फरक सांगतो. सगळ्याच संथ लढती कसबी असतात असा माझा दावा नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्लिच्को सुलतान इब्रागिमोवशी खेळला. प्रेक्षकांनी उघडपणे हुर्यो उडवली, आणि ती लढत मीही रटाळच म्हणेन. इब्रागिमोवला आत यायचा मार्ग सापडत नव्हता आणि क्लिच्को, हातात सगळं असूनही, उजवा हात बाहेर काढायला तयार नव्हता. एक जण करू शकत नव्हता, दुसरा करू इच्छित नव्हता. फ्युरीच्या लढतीत काय होतं? करू इच्छिणारा एक जगज्जेता होता आणि त्याला कोणीतरी करू देत नव्हतं. माझी कसोटी एवढीच आहे. लढतीत काही घडत नसेल तर विचारायचं, हे न घडणं कोणी घडवतंय का?

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पडद्यावर फेऱ्या दाखवायच्या होत्या, ते आता शक्य दिसत नाही. मशीन लावून ठेवलंय त्या मुलाची मी क्षमा मागतो. भरभर सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या आणि घरी लढत आवाज बंद करून बघा. आवाज बंद केला की समालोचकाचा कंटाळा तुमच्या कानात शिरत नाही.

पहिलं, अंगकाठी. क्लिच्को 198 सेंटीमीटर, फ्युरी 206. हातांचा पल्ला क्लिच्कोचा 206, फ्युरीचा 216. दहा सेंटीमीटर म्हणजे एक मूठ. अकरा वर्षांत क्लिच्कोला वर बघून जॅब मारायची वेळ क्वचितच आली होती. त्या रात्री फ्युरी कमरेतून मागे झुकला की जॅब चार बोटं अलीकडे संपत होता. पण उंची हे सगळं उत्तर नाही. उंच माणसं क्लिच्कोने झोपवली होती.

दुसरं, आणि माझ्या मते हेच मर्म आहे, फ्युरीचे हात खाली होते. समालोचक म्हणत राहिले, काय हा उद्दामपणा! मध्येच त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधल्यासारखे केले तेव्हा तर लोक खवळले. पण विचार करा. क्लिच्कोच्या डाव्या हाताला टेकायला समोरच्याचा पुढचा ग्लोव्ह लागतो. त्यावरून तो अंतर मोजतो. फ्युरीने तो ग्लोव्ह कमरेपाशी नेऊन ठेवला. क्लिच्कोचा हात पुढे येतोय आणि त्याला काही लागतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नुसत्या त्या डाव्या हाताकडे बघा. तो येतो, हवेत थांबतो, परत जातो. वर फ्युरीचा जॅब खालून, कमरेपासून निघतो, नजरेच्या टप्प्यात उशिरा येतो.

तिसरं, हूल. खांद्याची हूल, डोक्याची हूल, पुढच्या पायाची हूल. प्रत्येक हुलेला क्लिच्को एक पाऊल मागे घेतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा मोजायला लागतो. तेवढ्यात फ्युरी तिथे नसतो. मध्येच फ्युरी उजवा पाय पुढे टाकून डावखुरा होतो. क्लिच्कोचा आणि त्याचा पुढचा पाय समोरासमोर अडतो, जॅबची वाट बंद. याला मोजायला सुरुवात करावी तर फ्युरी पुन्हा सरळ. तीन मिनिटांच्या फेरीत असं किती वेळा होतं ते घरी मोजा. क्लिच्को उजवा हात मारत नाही हे लोकांना दिसलं. तो मारायला निघतो आणि थांबतो, हे दिसलं नाही.

आकडे देतो. लढतीतले ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सची मोजणी आहे : क्लिच्कोने बारा फेऱ्यांत 231 ठोसे मारले, 52 लागले. म्हणजे फेरीला चार-साडेचार. फ्युरीने 371 मारले, 86 लागले. दोन्ही आकडे हेवीवेटसाठी कमी, मान्य. लोक हाच पुरावा कंटाळ्याचा म्हणून देतात. मला त्यात पहिला आकडा महत्त्वाचा वाटतो. ज्याचा जॅब दहा वर्षं जगात नावाजला गेला त्याचे फेरीत चारच ठोसे लागू देणं हे त्या रात्रीचं काम होतं, आणि ते काम झालं. दोघांच्याही मिठ्या होत्या, ढकलाढकली होती, पाचव्या फेरीत डोक्याला डोकं लागून क्लिच्कोच्या डाव्या डोळ्याखाली फाटलं. हे सुंदर नव्हतं. मी सुंदर म्हणतही नाही.

गुणपत्रिका बघा. दोन जजांनी 115-112, तिसऱ्याने 116-111. अकराव्या फेरीत डोक्याच्या मागे मारल्याबद्दल रेफरी टोनी वीक्सने फ्युरीचा एक गुण कापला होता. तो परत मिळवा, मग हिशेब येतो 116-112 आणि 117-111, म्हणजे दोन जजांनी आठ फेऱ्या फ्युरीला दिल्या, तिसऱ्याने नऊ. जर्मनीत, क्लिच्कोच्या घरच्या अंगणात. यात वादाला जागा कुठे आहे? फेरी देताना नुसते ठोसे मोजत नाहीत. स्वच्छ मारा, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरचा ताबा, चारही बघतात. ताबा कोणाचा होता हे क्लिच्कोच्या पावलांवरून लहान मूलही सांगेल.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. ‘क्लिच्को म्हातारा झाला होता, त्या रात्री त्याच्यात दमच नव्हता.’ हे बोलणाऱ्यांना मी एक तारीख देतो. 29 एप्रिल 2017, लंडन, वेम्बली, नव्वद हजार प्रेक्षक. तोच क्लिच्को, आता 41 वर्षांचा, समोर अँथनी जोशुआ, ऑलिम्पिक सुवर्ण, सगळ्या लढती नॉकआउटने जिंकलेला. पाचव्या फेरीत क्लिच्को खाली पडला, उठला, आणि सहाव्या फेरीत त्याच सरळ उजव्याने त्याने जोशुआला आडवं केलं. अकराव्यात शेवटी क्लिच्को हरला, पण ती लढत लोकांनी डोक्यावर घेतली आणि आजही घेतात. मला सांगा, 2015 मध्ये संपलेला उजवा हात दीड वर्षाने, आणखी म्हातारा होऊन, कुठून आला? तो होताच. जोशुआ उंच, देखणा, पण समोर उभा राहणारा. हात लावायला सापडणारा. क्लिच्कोला भिंत सापडली आणि उजवा सुटला. अर्थात ड्युसेलडॉर्फनंतर क्लिच्कोही चवताळला होता, वेम्बलीत त्याने जास्त जोखीम घेतली, हे खरं आहे आणि ते मी वजा करतो. वजा करूनही बाकी उरते ती फ्युरीचीच.

दुसरा आक्षेप, ‘फ्युरी पुढे काय झाला ते बघा.’ परतीची लढत झालीच नाही, फ्युरी नैराश्यात गेला, दारूत गेला, 2016 मध्ये किताब सोडले, 2017 मध्ये उत्तेजक चाचणीच्या जुन्या प्रकरणात मागील तारखेपासूनची बंदीही मान्य केली. ते सगळं त्याच्या खात्यावर आहे, मी पुसत नाही. पण मग 2018 ला परत येऊन त्याने डिऑन्टे वाइल्डरशी तीन लढती केल्या, एक बरोबरी, दोन नॉकआउट, आणि त्या लढतींनी लोक वेडे झाले. तेव्हा हाच माणूस ‘थरारक’ ठरला. माझ्या मते त्या तिन्हीपेक्षा ड्युसेलडॉर्फची लढत अवघड होती. आणि 2024 मध्ये रियाधला ओलेक्सांडर उसिक या त्याच्यापेक्षा बुटक्या, हलक्या माणसाने त्याला दोनदा गुणांवर हरवलं, ते पुन्हा पायांनीच आणि डोक्यानेच.

दुसरी चिठ्ठी. एकच गोष्ट, बारावी फेरी. तिथे क्लिच्को अचानक मारायला लागला, फ्युरीला काही ठोसे लागलेही. लोक म्हणतात, बघा, त्याला जमत होतं, आधी का नाही केलं? बाराव्या फेरीत फ्युरी दमला होता आणि पुढे होता, त्याला उभं राहायचं होतं फक्त. आणि क्लिच्कोकडे मोजत बसायला वेळ उरला नव्हता, म्हणून तो न मोजता मारत होता. न मोजता मारायला गेला असता तर पहिल्या अकरा फेऱ्यांत काय झालं असतं हे त्याला सँडर्सने शिकवलं होतं. ती भीती फ्युरीने अकरा फेऱ्या त्याच्यात जागी ठेवली. दुसरी फेरी आणि बारावी फेरी लागोपाठ बघा, दोन्हीत क्लिच्कोचा उजवा खांदा बघा. प्रश्न असतील ते बाहेर चहाच्या टेबलाशी विचारा, तिथे मला चिठ्ठी येणार नाही. (टाळ्या)